चिकोडीचा माणूस, डेट्रॉइटचा खासदार

नोव्हेंबर २०२२. इथं मिशिगनमध्ये सकाळी साडेसहाला निपाणीहून मामांचा फोन आला. गावाकडचा फोन अवेळी वाजला की पोटात गोळा येतोच. उचलला, तर पलीकडून उत्साहाचा धबधबा.

"अरे, आपल्या चिकोडीचं पोरगं तिकडं काँग्रेसकडनं निवडून आलंय म्हणं!"

'पोरगं' सदुसष्ट वर्षांचं होतं. मी म्हटलं, "काँग्रेसकडून नाही मामा, काँग्रेसमध्ये. इथल्या संसदेचं नावच काँग्रेस आहे. त्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक."

"मग राहुल गांधींची काँग्रेस न्हवं?"

"न्हवं."

"असू दे. आपलं माणूस हाय न्हवं?"

श्री ठाणेदार. जन्म १९५५, चिकोडी. वाढले बेळगावात. वडील लवकर निवृत्त झाले, घरात आठ तोंडं, त्यामुळे शिकता शिकता मिळेल ते काम केलं. अठराव्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी, पुढे मुंबई विद्यापीठ, भाभा अणुसंशोधन केंद्र, १९७९ मध्ये अमेरिका, अ‍ॅक्रनला पीएच.डी. मग सेंट लुईसमध्ये कर्ज काढून एक छोटी प्रयोगशाळा घेतली, वाढवली, मंदीत गमावली आणि मिशिगनला येऊन दुसरी उभी केली. त्यांचं 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र आमच्या भागात हातोहात फिरलं. माझी प्रत एका स्नेह्यांनी वाचायला नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी हे वाचलं तर बरं होईल.

मी निपाणीचा. आमचं गाव तेव्हा चिकोडी तालुक्यात होतं. जमिनीच्या उताऱ्यापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत सगळ्याला चिकोडीची एसटी धरावी लागे. १९९७ पासून मी मिशिगनमध्ये आहे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात. राहतो कँटनला, डेट्रॉइटच्या पश्चिमेला पाऊण तासावर. मामांच्या त्या फोनपासून मी एका काँग्रेसमनचं काम आणि त्याच्या भूमिका बारकाईनं बघत आलो. त्या बघण्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहितो. क्रमात फार अर्थ शोधू नये.

१. आधी आपला झिप कोड बघावा

२०२३ च्या उन्हाळ्यात आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापूरला शस्त्रक्रिया ठरली. आम्हा तिघांना निघायचं होतं आणि मुलीचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. त्या वर्षी इथं पासपोर्टांची अशी तुंबई झाली होती की सरकारच दहा ते तेरा आठवडे सांगत होतं. हेल्पलाइनवर तासभर गाणी ऐकून मी फोन ठेवला.

बायको म्हणाली, "ठाणेदारांच्या ऑफिसला लावा की फोन. मराठीत बोला. आपलाच माणूस आहे."

मी नंबर शोधायला लागलो. एकोणीस वर्षांची मुलगी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, ते तेराव्यातले. आपण सहाव्यात आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आपले नाहीत."

पंचवीस वर्षं या राज्यात राहून, बारा वर्षं नागरिक असून मला आपला मतदारसंघ ठाऊक नव्हता. ठाणेदारांच्या तेराव्यात डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलँड पार्क, ग्रोस पॉइंटची श्रीमंत गावं आणि नदीकाठची कामगार वस्ती येते. मराठी माणसं जिथं दाटीनं राहतात त्या कँटन, नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्समधलं एकही गाव त्यात नाही. आपण ज्यांना 'आपले खासदार' म्हणून मिरवतो त्यांना मत देणारे मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. आणि दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम आपण घ्यायचं नाही, त्याला त्याच्या प्रतिनिधीकडे पाठवायचं, असा इथल्या सभागृहाचा जुना शिष्टाचार आहे.

आमच्या प्रतिनिधी डेबी डिंगेल. त्यांच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या तरुणानं नाव विचारण्याआधी झिप कोड विचारला. मग एक अर्ज ईमेलनं पाठवला, संमतीचा. खासदाराच्या कार्यालयानं तुमच्या वतीनं सरकारी खात्याकडे चौकशी करायची तर तुमची लेखी परवानगी लागते, १९७४ चा खासगीपणाचा कायदा तसं सांगतो. मी बापाच्या अधिकारानं सही ठोकली. अर्ध्या तासात अर्ज परत. मुलगी सज्ञान, सही तिचीच हवी. बापाच्या अधिकाराला या देशात अठराव्या वर्षी पूर्णविराम मिळतो हे मला माहीत होतं, पण असं अर्जावर लाल खूण होऊन आल्यावर वेगळं वाटतं.

चौथ्या दिवशी डेट्रॉइटच्या पासपोर्ट कार्यालयातली वेळ मिळाली. सकाळी दहाला गेलो, दुपारी तीनला नवा पासपोर्ट हातात. सगळ्या प्रकरणात कुणाशी एक मराठी शब्द बोलावा लागला नाही.

मामांना हे सांगितलं. डिंगेल कोण विचारल्यावर तेही सांगितलं. डेबीबाईंचे सासरे १९३३ पासून खासदार, त्यांच्यानंतर नवरा जॉन डिंगेल १९५५ ते २०१५ असे एकोणसाठ वर्षं, अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत दीर्घ, आणि त्यांच्यानंतर या.

"म्हणजे घराणेशाहीच की!" मामांच्या आवाजात केवढं समाधान होतं. अमेरिका एकदम घरची वाटली त्यांना.

२. आपले पेढे कुणाच्या दारात वाटतो ते बघावं

निकालानंतरच्या आठवड्यात मी कारखान्यात पेढे नेले. आमच्या विभागात एक वडीलधारे सहकारी होते, डेट्रॉइटच्या पूर्व भागात जन्मलेले, कृष्णवर्णीय, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि अर्धा खाऊन उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच बोलले.

त्यांच्या आईच्या पेन्शनचं काम अडलं होतं, तेव्हा ती त्यांना हाताला धरून तेव्हाचे डेट्रॉइटचे खासदार जॉन कॉन्यर्स यांच्या कार्यालयात घेऊन गेली होती. आत टेबलामागे एक चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या. आईनं बाहेर आल्यावर सांगितलं, त्या रोझा पार्क्स. मला आधी खरं वाटेना. घरी येऊन वाचलं. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स १९६५ पासून १९८८ पर्यंत खरोखरच कॉन्यर्स यांच्या डेट्रॉइटच्या कार्यालयात नोकरीला होत्या. लोकांची घराची, पेन्शनची, नोकरीची गाऱ्हाणी ऐकत होत्या.

डेट्रॉइट शहरात चारांतले तीन लोक कृष्णवर्णीय. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज सदस्य झाले तेव्हापासून त्या शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा. २०२२ ला ती साखळी तुटली. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा. आणि ती तुटली आमच्या चिकोडीच्या माणसाच्या विजयानं.

"तुमच्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "नियमानं लढला, जिंकला. पण आमच्याकडे त्या दिवशी कुणी मिठाई वाटली नाही."

मी काय बोलणार? मी सीमाभागातला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली आणि आमचं मराठी गाव दुसऱ्या राज्यात गेलं. दर वर्षी त्या दिवशी काळा दिन पाळताना मी शाळेत असल्यापासून बघितलंय. विधानसभेत आपल्या भाषेचा, आपलं दुखणं न सांगता कळणारा माणूस असावा, यासाठी आमच्याकडे लोकांनी आयुष्यं घालवली. त्याच भागातल्या माणसानं डेट्रॉइटमध्ये उभं राहून 'आता जात, रंग, भाषा कशाला बघायची' असं म्हणणं शोभलं नसतं. म्हणून म्हटलं नाही. उरलेला अर्धा पेढा त्यांनी घरी नेला की टाकला, मला माहीत नाही.

पुष्कळ लोक म्हणतात 'आपला माणूस' ही भावना मागासलेली. मला तसं वाटत नाही. ती आपल्याला आहे तशी समोरच्यालाही आहे, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

३. पैशानं नाव पोचतं, मत पोचेलच असं नाही

२०१८ ला ठाणेदार गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, उतरले. त्यांची टीव्हीवरची जाहिरात अजून आठवते: गोरी-काळी माणसं त्यांचं नाव उच्चारायचा प्रयत्न करतायत आणि प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळतेय. आम्ही सोफ्यावर हसून लोळलो. ('श्री' हेच नाव लावणाऱ्या माणसाला आदरानं काय म्हणायचं, हा आमचा घरगुती वाद अजून मिटलेला नाही. श्री. श्री ठाणेदार?) सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा, तासाला पंधरा डॉलर किमान वेतन, अशी ठळक डावी भूमिका होती. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरपेक्षा जास्त घातले. तिसरे आले, साधारण अठरा टक्के मतं. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या.

दोन वर्षांनी डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत, आणखी दोन वर्षांनी काँग्रेसमध्ये. हरल्यावर खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करायला पैशापेक्षा वेगळं काहीतरी लागतं. ते त्यांच्याकडे आहे, हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत.

४. मांडलेला कागद आणि झालेला कायदा यांत पंधरा वर्षं असू शकतात

२८ एप्रिल २०२५. ठाणेदारांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. आमच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्या रात्री जे झालं ते निपाणीच्या तंबाखू बाजारात भाव पडल्यावर होतं तसं होतं. अर्धे म्हणत होते, वाघ आहे वाघ. उरलेल्या अर्ध्यांना आपल्या व्हिसाची काळजी लागली. दोघांनीही कलमं वाचली नव्हती. मी वाचली, कारण आता तो छंद लागला होता.

इथल्या सभागृहात कुणीही सदस्य कुठलंही विधेयक एका पेटीत टाकू शकतो. ते समितीकडे जातं आणि बहुतेक तिथंच संपतं. पण महाभियोगासारख्या ठरावाला विशेषाधिकार असतो. सदस्यानं तो वापरला तर दोन कामकाजी दिवसांत सभागृहाला काहीतरी निर्णय घ्यावाच लागतो. मे महिन्यात ठाणेदारांनी तो वापरायचं जाहीर केलं. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं, म्हणजे ठराव पडणार हे निश्चित. त्यांच्याच पक्षाचे नेते उघड नाराज झाले. १४ मे रोजी मतदानाची वेळ आली तेव्हा ठाणेदारांनी ठराव पुढे रेटला नाही. पुढच्याच महिन्यात टेक्ससचे अल ग्रीन यांनी वेगळ्या कारणावरून असाच ठराव आणला. तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला. म्हणजे निम्म्याहून जास्त डेमोक्रॅट विरोधात होते. मे महिन्यात आकडा काय निघाला असता, त्याचा अंदाज यावरून बांधता येतो.

त्याच सुमारास डोनावन मॅकिनी या तरुण आमदारानं प्रायमरीत ठाणेदारांना आव्हान देण्याची घोषणा केली होती. दोन्हींचा संबंध आहे की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.

माझं मत विचाराल तर मला ती घाई वाटली. माणसं मोजल्याशिवाय पाट मांडले. महाभियोगाचं हत्यार वारंवार उपसून म्यान केलं तर धार जाते.

पण हे मत बनवताना मी एक चूक करत होतो, ती सुधारली त्याच वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी. पडणार हे ठाऊक असून कागद मांडणं नेहमीच पोकळ नसतं, असं ते म्हणाले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली १९६८ च्या ४ एप्रिलला. चार दिवसांनी कॉन्यर्स यांनी किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी जाहीर करणारं विधेयक मांडलं. कुणी विचारलं नाही. ते पुन्हा मांडलं. पुन्हा. आणखी पुन्हा. १९८३ मध्ये रेगन यांनी त्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. आमच्या डिंगेल घराण्याचंही तसंच. थोरल्या डिंगेलनी १९४३ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचं विधेयक आणलं, ते कधी झालं नाही. मुलगा वडिलांच्या मागे ते दर खेपेला मांडत राहिला. १९६५ मध्ये वृद्धांसाठीचा मेडिकेअर कायदा सभागृहात मंजूर झाला, तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर हातोडा घेऊन बसलेला माणूस तोच मुलगा होता.

आता कुणी विधेयक मांडल्याची बातमी आली की मी टाळी वाजवत नाही आणि नाकही मुरडत नाही. पुढच्या काँग्रेसमध्ये, त्याच्या पुढच्या काँग्रेसमध्ये, पहिल्या पानावर बातमी नसताना तो कागद पुन्हा मांडला का, ते बघतो.

५. समिती वेगळी, कॉकस वेगळा

सप्टेंबर २०२३ मध्ये ठाणेदारांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अमेरिकनांसाठी कॉकस सुरू केला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हिंदूद्वेषाचा आणि मंदिरांवरच्या हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव मांडला. आमच्याकडे जेवढे फोटो फिरले ते याच दोन गोष्टींचे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कॉकस म्हणजे समान आस्थेच्या सदस्यांचं मंडळ. त्याला साक्षीदार बोलावता येत नाहीत, विधेयकात दुरुस्ती करता येत नाही. असे शेकडो आहेत. ते अधिकार समित्यांना, आणि ठाणेदार आहेत अंतर्गत सुरक्षेच्या समितीत. कॅनडाची सरहद्द डेट्रॉइट नदीच्या मधून जाते, नदीवरच्या पुलावरून माझ्या कारखान्याचे सुटे भाग रोज ये-जा करतात. तिथला ट्रक चार तास अडला तर आमची लाइन थांबते. त्या समितीतल्या कामाचा एकही फोटो कुणी पाठवला नाही.

६. भूमिका बदलली तर चिडण्याआधी तारखा लावून बघाव्यात

हे मी वहीत खरंच लिहून काढलं होतं.

२०२१: राज्याच्या विधानसभेत इस्रायलची मदत थांबवावी अशा अर्थाच्या ठरावावर सहप्रस्तावक म्हणून ठाणेदारांचं नाव. २०२२: इस्रायल समर्थक लॉबीशी जोडलेल्या निधीनं त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी, अ‍ॅडम हॉलियर यांच्यासाठी, ४० लाख डॉलरच्या आसपास खर्च केले. तरी ठाणेदार जिंकले. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांचा इस्रायल दौरा. ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला. त्यानंतर न्यू यॉर्कमध्ये इस्रायलविरोधी सभा झाली, तिच्याशी डेमोक्रॅटिक सोशालिस्टांच्या संघटनेचा संबंध होता, म्हणून ठाणेदारांनी त्या संघटनेचं सदस्यत्व जाहीरपणे सोडलं. २०२४: तीच लॉबी त्यांच्या पाठीशी.

हे सगळं एका रेघेत ठेवल्यावर दोन वाचनं होतात. एक: माणसानं प्रत्यक्ष जाऊन बघितलं, भयंकर हत्याकांड घडलं, मत बदललं. मत बदलू नये असा कुठं नियम आहे? दुसरं: जी लॉबी एकदा अंगावर आली ती पुन्हा येऊ नये याची तजवीज केली. त्यांच्या मतदारसंघातलं हॅमट्रॅमिक हे शहर असं आहे की २०२२ मध्ये तिथल्या नगरसभेतला प्रत्येक सदस्य मुस्लिम होता. तिथं दुसरं वाचन जास्त चालतं, ग्रोस पॉइंटमध्ये बहुधा पहिलं.

मी कुठल्या बाजूला? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार बदलाची नाही, वेगाची आहे. २०१८ मधला ठळक डावा उमेदवार, २०२३ मधला संघटना सोडणारा सदस्य आणि २०२५ मधला महाभियोगवाला हे तिघं एकाच माणसाचे फोटो आहेत असं सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. एखाद्या गोष्टीवर टिकून राहिलेला माणूस हरतो तेव्हाही त्याचं वजन राहतं. १९८१ ला निपाणीच्या हमरस्त्यावर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बसले होते, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं गेली. मी शाळेत होतो. ते आंदोलन कुणी जिंकलं यावर आमच्या गावात आजही भांडण होतं, पण कुठल्या मागणीसाठी होतं यावर होत नाही.

तारखांसोबत मतदानही बघावं. सभागृहातलं प्रत्येक नोंदवलेलं मत त्यांच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर नावानिशी असतं, होय, नाही, गैरहजर. फुकट आहे. भाषणाच्या क्लिपा बघण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या दहाव्या हिश्शात वर्षाचा हिशेब मिळतो.

आणि भारतीय वंशाचे सगळे एकसारखे, हाही भ्रम सोडावा. २०२५ च्या सभागृहात सहा जण आहेत. त्यांतल्या प्रमिला जयपाल यांनी २०१९ मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांवर टीका करणारा ठराव आणला, तेव्हा आमच्या गटातून त्यांचे जुने अभिनंदनाचे फोटो एका रात्रीत गायब झाले होते.

७. ग्रीन कार्डाची रांग एका माणसानं हलत नाही

माझा भाचा ट्रॉयला राहतो. त्याच्या अर्जाची तारीख २०१४ ची. त्याचा मुलगा दीड वर्षाचा असताना इथं आला, मराठी समजतो, बोलत नाही. एकविसाव्या वर्षी तो बापाच्या अर्जातून बाहेर पडेल आणि वाढला त्या देशात परका ठरेल. दर गणपतीला भाचा मला म्हणतो, "मामा, ठाणेदारांपर्यंत पोचवा ना कुणाकडून तरी."

मी त्याला एक गोष्ट सांगतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० च्या आसपास, कुटुंबीय धरून. कुठल्याही एका देशाला त्यांतली साधारण ७ टक्के. आइसलँडला तेवढीच मर्यादा, भारताला तेवढीच. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं. दोन्ही पक्षांचं भरघोस बहुमत. तेव्हा ठाणेदार काँग्रेसमध्ये नव्हतेच. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनं आपलं थोडं वेगळं विधेयक मंजूर केलं. दोन्हींचा मेळ घालायचा राहिला. जानेवारीत ती काँग्रेस संपली, आणि काँग्रेस संपली की सगळे अपुरे कागद रद्दीत जातात. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा एक विधेयक मतदानाला लावलं आणि मतं भरत नाहीत म्हणून काढून घेतलं.

प्रतिनिधिगृहात २१८, सिनेटमध्ये बहुधा ६०, वर अध्यक्षांची सही, आणि हे सगळं एकाच दोन वर्षांच्या खिडकीत. चिकोडीचा एक माणूस त्यात एक मत आहे.

माझ्या स्वतःच्या रांगेच्या काळात मी एका सिनेटरला चार पानी पत्र लिहिलं होतं, आईच्या वयापासून सगळं. दीड महिन्यानं छापील उत्तर आलं. त्यात सिनेटरसाहेबांनी शेतीच्या अनुदानाबद्दल मी कळवलेल्या मतांसाठी माझे आभार मानले होते. तेव्हापासून मी एका पत्रात एकच मुद्दा लिहितो, पहिल्या ओळीत विधेयकाचा क्रमांक, दुसऱ्यात झिप कोड. भाच्यालाही तेच सांगितलंय, फक्त त्यानं ते ट्रॉयच्या प्रतिनिधीला लिहावं.

८. खरी निवडणूक ऑगस्टमध्ये असते

तेरावा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाणेदारांना ७१ टक्के मतं पडली, पण निकाल लागला होता ऑगस्टमध्येच, पक्षाच्या प्रायमरीत. नऊ उमेदवार. ठाणेदारांना २८ टक्के, म्हणजे २२ हजारांच्या आसपास मतं. मतदारसंघाची लोकसंख्या साडेसात लाखांहून जास्त. बावीस हजार म्हणजे आमच्या निपाणीच्या लोकसंख्येपेक्षाही कमी.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि तू टाकलास का रे तिकडं मत, ऑगस्टमध्ये?"

माझा मतदारसंघ वेगळा, पण प्रायमरी सगळीकडे त्याच दिवशी होती. टाकलं नव्हतं. आम्ही त्या आठवड्यात सहकुटुंब नायगारा बघायला गेलो होतो.

आता चुकत नाही. मिशिगनमध्ये २०१८ पासून कुणालाही, कुठलंही कारण न देता, घरबसल्या मतपत्रिका मागवता येते. जून संपता संपता ती टपालानं येते. वाचकांपैकी जे इथले नागरिक आहेत त्यांनी अर्ज आजच भरावा. प्रायमरी दर सम वर्षी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, त्या आठवड्यात नायगारा ठेवू नये. मतपत्रिकेवर एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा कराव्यात, दोन्हींत केल्या तर प्रायमरीचं ते मत बाद होतं. आणि सही बाहेरच्या लिफाफ्यावर करायची असते, आतल्या कागदावर नाही.